पेवातला कंदील

सांगलीहून पुतण्याचा फोन आला. "काका, या रविवारी याच. माझा एजंट दाखवायचाय तुम्हाला."

एजंट म्हटले की मला अजून आमचा पिग्मी एजंट आठवतो. खांद्याला पिशवी, झिजलेल्या वहाणा आणि संध्याकाळी दुकानादुकानांतून गोळा केलेली चिल्लर काउंटरवर ओतणारा. सारी नोकरी बँकेत काढलेल्या माणसाला दुसरा कोणता एजंट सुचणार? सकाळची एसटी धरून साताऱ्याहून निघालो खरा, पण मनात काळजी वेगळीच होती. थोरले बंधू, म्हणजे या पुतण्याचे वडील, शाळेतून निवृत्त झालेले. फंडातले पाच लाख त्यांनी शेअरबाजारासाठी मुलाच्या हवाली करायचे ठरवले होते. वहिनींनी ही बातमी मला फोनवर हळू आवाजात दिली होती.

पुतण्याचा एजंट संगणकात राहतो. त्याला मराठीत विचारले तरी तो उत्तर देतो, आणि एक काम सोपवले की त्यासाठी लागणारी चार कामे आपणहून करतो. गंमत अशी, की ही भाषेची यंत्रे बोलण्यात पटाईत असली तरी आकडेमोडीत कच्ची. एखाद्या शेअरचा आजचा निर्देशांक तोंडी विचारला, तर पुष्कळदा एखादा आकडा बेधडक ठोकून देतात. (कादंबरीकार म्हणून मला त्यांच्याविषयी थोडी आपुलकी वाटली.) म्हणून पुतण्याने एक वेगळे हत्यार बनवले. एजंटाने शेअरचे नाव सांगायचे. हत्याराने भाव आणायचे, गणित करायचे आणि नेमका आकडा एजंटाच्या हाती द्यायचा. अशी हत्यारे एजंटांना एकाच पद्धतीने जोडता यावीत, म्हणून अँथ्रॉपिक या कंपनीने नोव्हेंबर २०२४ मध्ये 'मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल' हा नियमसंच जाहीर केला. पुतण्याने तोच वापरला होता.

हे आकडे म्हणजे तांत्रिक निर्देशक. त्यांतला घरोघरी पोहोचलेला म्हणजे आरएसआय. वेल्स वाइल्डर या अमेरिकन माणसाने १९७८ साली आपल्या पुस्तकात तो मांडला. गणित चौथीच्या मुलालाही समजावे असे आहे. गेल्या चौदा दिवसांत भाव जेवढे चढले त्यांची बेरीज करायची, जेवढे उतरले त्यांची वेगळी करायची, आणि एकूण हालचालीत चढाचा वाटा शेकडा किती ते काढायचे. पुढच्या दिवसांसाठी वाइल्डरने सरासरीची जरा वेगळी रीत दिली आहे, पण मूळ हेच. ७० च्या वर गेला तर खरेदीचा अतिरेक, ३० च्या खाली आला तर विक्रीचा.

भावाच्या चालीवरून माणसांचे मन ओळखायचा हा नाद जुनाच. जपानमधल्या साकाता गावच्या होम्मा नावाच्या तांदळाच्या व्यापाऱ्याचे नाव त्यासाठी अठराव्या शतकापासून घेतात. आणि आपल्या सांगलीला काय कमी? हळदीच्या वायद्यांसाठी इथे स्पायसेस अँड ऑइलसीड्स एक्स्चेंज होते. माझ्या सांगलीतल्या दिवसांत मी असे अडते पाहिले आहेत, की जे मार्केट यार्डात शिरणाऱ्या गाड्या नुसत्या मोजून दुपारचा भाव सांगत.

जेवणे झाल्यावर पुतण्याने यंत्र सुरू केले. एजंटाने एका कंपनीचे नाव काढले आणि लिहिले : आरएसआय १५. विक्रीचा अतिरेक झालेला दिसतो, खरेदीचा विचार करावा. दादा खूश. सोमवारी सव्वानऊला बाजार उघडताच ऑर्डर जाणार होती.

मी आलेख पाहत होतो. इतके दिवस सरळ चालणारी रेघ एका दिवशी ८४२ वरून थेट ४२१ वर पडली होती. नेमकी निम्मी! खात्यात रक्कम नेमकी निम्मी झाली की बँकेतला माणूस आधी नोंद तपासतो, हळहळतो नंतर.

"त्या दिवशी काय झालं होतं रे?"

पुतण्याने शोधले. कंपनीने एकास एक बोनस शेअर दिला होता. शेअर दुप्पट, भाव निम्मा. कुणाचा एक रुपया बुडालेला नव्हता. पण भाव पुरवणाऱ्याने मागचे आकडे त्या प्रमाणात सुधारले नव्हते. उरलेल्या तेरा दिवसांत चढ ८० रुपयांचा, उतार २४ चा. त्या २४ मध्ये ही खोटी ४२१ ची पडझड मिसळली, म्हणून १५. ती काढल्यावर निघाले ७७. म्हणजे सल्ला बरोबर उलटा! हत्याराचे गणित चोख होते, एजंटाचे मराठीही. फक्त भाव आणि बोनस यांची गाठ कुणी घातली नव्हती.

पुतण्याचा चेहरा उतरला. त्याच्या हुशारीबद्दल मला शंका नाही. माझी शंका दादांच्या घाईबद्दल होती. पुढचा विचार वायद्यांचा होता, हेही आता बाहेर आले. सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये जाहीर केलेल्या अभ्यासाप्रमाणे, २०२२ ते २०२४ या तीन आर्थिक वर्षांत शेअर-वायद्यांत उतरलेल्या व्यक्तींपैकी ९३ टक्के तोट्यात गेल्या, आणि एकूण तोटा १ लाख ८० हजार कोटींवर होता. मी हे सांगितले तेव्हा दादा पंख्याकडे पाहत होते.

संध्याकाळी आम्ही तिघे हरिपूरला गेलो. कृष्णा आणि वारणा इथे मिळतात. इथल्या मातीत खोल पेवे खणून त्यांत हळद साठवत. ती वर्षानुवर्षे किडत नसे. २००५ च्या महापुराने त्यांतली पुष्कळ पेवे बुडवली आणि हळद नासली. तरुणपणी हळदीच्या तारणाची तपासणी करायला मी इथे येत असे. पेवाचे तोंड उघडले की हमाल लगेच उतरत नसत. आतला कोंडलेला वायू जाऊ देत, मग दोरीला कंदील बांधून खाली सोडत. कंदील विझला तर कुणी पाऊल टाकत नसे. तेवत राहिला, तर हमाल उतरून हळद वर काढत, आणि मग पोत्यात हात घालून, गाठ मोडून, वास घेऊन आम्ही ती पाहत असू.

"म्हणजे कंदील हळदीचा भाव सांगत नव्हता," पुतण्या म्हणाला.

"नाही. हवा आहे की नाही, एवढंच."

परतताना तो गप्पच होता. रात्री त्याने हत्यारात एक नवी अट घातली : भाव एका दिवसात फार कोसळला, तर आधी बोनस आणि विभाजनाची नोंद तपासायची, आणि ती सापडेपर्यंत एजंटाने सल्ला द्यायचा नाही. मला वाचून दाखवली. दादांनीही ऐकली.

सकाळी सव्वानऊला मी सातारच्या एसटीत होतो. वहिनींचा फोन आला. दादा पासबुक घेऊन बँकेत निघाले होते, मुदत ठेवीचा दर विचारायला. चार लाखांची ठेव करायची म्हणत होते. उरलेल्या एका लाखाचे काय, ते मी विचारले नाही आणि वहिनींनीही सांगितले नाही.