बालवाडीची सहल आणि तिच्या खर्चाची वाटणी

केज तालुक्यात दसरा-दिवाळी उलटली की ऊसतोडणीची कुटुंबे पश्चिम महाराष्ट्रातील व कर्नाटकातील साखर कारखान्यांकडे निघतात. त्यानंतर गुढीपाडव्याच्या सुमारापर्यंत कित्येक घरांत आजी, आजोबा आणि लहान मुले एवढीच माणसे उरतात. याच काळात हवा थंड व कोरडी असते, शिवारात शाळू निसवलेला असतो आणि अंगणवाडीतील अथवा पाळणाघरातील मुलांना बाहेर नेण्यास याहून चांगले दिवस वर्षात सापडत नाहीत. म्हणजे सहलीचा हंगाम व पालकांच्या गैरहजेरीचा हंगाम एकच होय. सहलीच्या खर्चाचा प्रश्न इतरत्र केवळ हिशेबाचा असेल. येथे मात्र कोणते मूल गाडीत बसेल आणि कोणते उंबऱ्यावर उभे राहील, हे त्यावरून ठरते.

लहान मुलांची सहल ही चैन आहे, असे मानणारी मंडळी अद्याप आहेत. ताराबाई मोडक यांचा अनुभव याच्या उलट सांगतो. १९४५ साली बोर्डी येथे व १९५७ पासून कोसबाडच्या टेकडीवर त्यांनी अनुताई वाघ यांच्या साहाय्याने बालशिक्षणाचे जे कार्य केले, त्यात मुले शाळेत येत नसतील तर शाळाच मुलांच्या अंगणात नेण्यात आली. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी तर कुरणशाळा निघाली. पाने, दगड, बिया, पक्षी हेच तेथील शिक्षणाचे साहित्य होते. १९७५ साली सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास सेवा योजनेमुळे अंगणवाडी हा शब्द गावोगाव पोहोचला. परंतु त्यातील अंगणाचा अर्थ पुष्कळदा चार भिंतींपुरताच उरला आहे.

म्हणून पहिली सहल बिनखर्चाची असावी. गावाच्या शिवारात ज्याची ज्वारी, हरभरा, करडई उभी आहे अशा एखाद्या शेतकऱ्याने आपले शेत अर्धा दिवस मोकळे करून द्यावे. हुरडा त्याचा, गूळ व शेंगदाण्याची चटणी घरोघरची, आणि पाणी विहिरीवरून न आणता घरून उकळून नेलेले. लातूर-धाराशिवकडे आणि त्यांच्या सीमेलगतच्या गावांतून वेळ अमावास्येला सारे गाव शेतात जेवावयास जाते. ज्यांचे आईबाप तोडीवर गेले आहेत त्या मुलांना त्या दिवशी सोबत नेणारे कोणी नसेल, तर शेजाऱ्याने त्यांना आपल्या पंगतीस घ्यावे. त्याला वर्गणी लागत नाही.

वाहनाने जावयाचे म्हटले की मात्र पैशाचा विषय निघतो. केज तालुक्यातील मुलांना पाहण्यासारखे जवळचे स्थळ म्हणजे मांजरा नदीवरील धनेगावचे धरण. २०१६ साली ते कोरडे पडल्यावर लातूर शहरास मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले होते. एवढे पाणी एके ठिकाणी साठलेले दिसणे ही मराठवाड्यातील मुलास नवलाची गोष्ट असते. अंबाजोगाई येथील योगेश्वरीचे मंदिर व हत्तीखाना लेणी आणि धारूरचा किल्ला हीही स्थळे दूर नाहीत. किल्ल्याचा चढ-उतार मात्र चार वर्षांच्या मुलांस झेपणारा नव्हे. धरणावर गेल्यास काठापासून दूरच थांबावे आणि चार-पाच मुलांमागे एक जाणते माणूस असावे.

खर्च वाचविण्यासाठी ट्रॅक्टरची ट्रॉली काढण्याची रीत खेड्यांत आहे. ती सोडून दिली पाहिजे. ट्रॉली हे मालाचे वाहन आहे; तीत माणसे बसविणे कायद्याने मना आहे, आणि लहान मुले बसविणे तर शुद्ध अविचार होय. त्यापेक्षा एस. टी. स्वस्त पडते. पाच वर्षांखालील मुलास तिकीट नाही, पाच ते बारा वर्षांच्या मुलास अर्धे तिकीट आहे. मार्च २०२३ पासून स्त्रियांना अर्धे भाडे झाले आहे, आणि पंचाहत्तरी ओलांडलेल्या आजोबांना ऑगस्ट २०२२ पासून प्रवास विनामूल्य आहे. ओळखपत्र तेवढे जवळ ठेवावे. याचा हिशेब केला तर असे दिसते की पाचांखालील बारा मुले, सेविका, मदतनीस आणि दोन माता मिळून केवळ चार अर्धी तिकिटे काढावी लागतात. बिनतिकीट मुलास स्वतंत्र जागा मागता येत नाही, यास्तव आठवडी बाजाराचा दिवस टाळावा.

खासगी जीप करणे भागच असेल, तर वाटणी आधी ठरवावी. समजा, वीस मुले आहेत. गाडीस २,००० रुपये, खाऊस ४०० व किरकोळ १०० धरले, तर दर मुलामागे १२५ रुपये येतात. त्यांपैकी पाच घरांना देणे शक्य नसेल, तर उरलेल्या पंधरांवर सुमारे १६७ रुपये पडतात. हा ४२ रुपयांचा फरक उचलण्यास बहुतेक घरे तयार होतात. अट एवढीच की तो प्रथमच सांगितला जावा. तो आयत्या वेळी सांगितल्यास कुरबुर होते, आणि मग उणी रक्कम सेविकेच्या मानधनातून भरली जाते. हे अन्यायाचे आहे. सेविका व मदतनीस त्या दिवशी सहलीस जात नसतात, कामास जात असतात. त्यांचे भाडे एकूण खर्चात धरावे, त्यांच्याकडून वर्गणी घेऊ नये.

ऐपतीप्रमाणे वर्गणी हे तत्त्व सरकारी योजनेतही मान्य झालेले होते. २०१७ पासूनच्या राष्ट्रीय पाळणाघर योजनेत दारिद्र्यरेषेखालील कुटुंबास दरमहा २० रुपये, बारा हजारांपर्यंत मासिक उत्पन्न असणाऱ्यास १०० व त्यावरील उत्पन्नास २०० रुपये असे शुल्क होते. २०२२ पासून तिची जागा पाळणा योजनेने घेतली. गावाने असे तक्ते करण्याची गरज नाही. कोणी पैशाऐवजी दोन शेर शेंगदाणे दिले, कोणी स्वयंपाकास हात लावला, तर तीही वर्गणी समजावी. न देणाऱ्यांची नावे मात्र मुलांदेखत कधीही वाचू नयेत.

रकमेइतकेच महत्त्व वेळेला आहे. जानेवारीत आजीकडे रोख पैसा नसतो. मुलगा व सून यांचा संसार कारखान्यावर असतो. सोयाबीनचे पैसे हाती येतात त्या आश्विनात, तोडीची माणसे गावात असतानाच वर्गणी घ्यावी आणि त्याच बैठकीत संमतीही लिहून घ्यावी. मुकादमाकडून मिळालेली उचल हे कर्ज आहे, तीतून सहलीची मोठी वर्गणी मागणे बरे नव्हे. दहा-वीस रुपयांवर समाधान मानावे आणि बाकीचे भागवावे ते गावात राहणाऱ्यांनी.

केज शहरात नोकरी करणारी जोडपी शेजारच्या बाईंकडे मूल सांभाळावयास ठेवतात. तेथे प्रश्न थोडा निराळा असतो. बाईंना मिळणारा महिना हा सांभाळण्याचा असतो, सहलीचा नव्हे. तिकीट व खाऊ पालकांनी द्यावा. बाईंनी त्या दिवसाची जादा मजुरी मागू नये, कारण तो दिवस महिन्यात धरलेलाच आहे. मात्र सायंकाळी उशीर होणार असेल, तर तेवढा मोबदला आधी बोलून ठेवावा. बाईंचे स्वतःचे मूल सोबत असल्यास त्याचा खर्च त्यांनी सोसावा.

ऐनवेळी ताप आलेल्या मुलाचे पैसे परत करावयाचे की नाही, यावरून फार बोलणी होतात. गाडीचा वाटा परत करता येत नाही, कारण गाडी ठरलेली असते. खाऊचा वाटा मात्र त्याच्या घरी पोहोचता करावा, शक्य तर खाऊच्याच रूपाने. सहलीनंतर दोन दिवसांत जमाखर्च अंगणवाडीच्या भिंतीवर लावावा. शिल्लक राहिली तर ती पेढ्यांत न घालविता वहीत पुढे ओढावी, म्हणजे पुढल्या आश्विनात तेवढी वर्गणी कमी मागावी लागेल.