ओहोटीला दिसणारं रान

वेल्सच्या पश्चिम किनाऱ्यावर, कार्डिगनच्या उपसागरात, बोर्थ नावाचं एक लहानसं गाव आहे. तिथून उत्तरेला डवी नदीच्या मुखाकडे चालू लागलं की घरं मागे पडतात आणि नुसती वाळू सुरू होते. डाव्या हाताला समुद्र, उजव्या हाताला गवताने धरून ठेवलेल्या वाळूच्या टेकड्या. या भागाला इनिसलास म्हणतात. भेळेची गाडी नाही, घोडागाडी नाही, फुगेवाला नाही.

"मग तिथे बघायचं काय, आजोबा?"

सांगतो. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला जायचं आणि पाणी पार मागे हटेपर्यंत थांबायचं. मग ओल्या वाळूतून काळी खोडं डोकी वर काढतात. 2014 च्या सुरुवातीला मोठी वादळं झाली, लाटांनी वाळू खरवडून नेली, तेव्हा तर शेकडो खोडं उघडी पडली होती.

ही खोडं कुठून वाहून आलेली नाहीत बरं का. वाकून बघितलं की कळतं. मुळं चारी बाजूंना आडवी पसरलेली, खालच्या काळ्या थरात घट्ट रुतलेली. म्हणजे झाड इथेच रुजलं, इथेच वाढलं. ओक आहे, पाइन आहे, बर्च आहे. विलोही आहे; त्याच्याच एका जातभाईची क्रिकेटची बॅट होते. आणि गंमत म्हणजे लाकूड अजून लाकूडच आहे, त्याचा दगड झालेला नाही. बोटाने हळूच दाबलं तर दबतं आणि पाणी सुटतं.

हे रान बुडालं कसं, याची तिकडच्या लोकांकडे फक्कड गोष्ट आहे. इथे म्हणे ग्वीद्नो राजाचं सुपीक राज्य होतं, कान्त्रेर ग्वाइलोद नावाचं. समुद्र अडवायला बांध घातलेला आणि बांधाच्या दरवाजांवर सेइथेनिन नावाचा राखणदार. एका रात्री मेजवानी झाली, हा गडी दारू पिऊन तर्र, दरवाजे राहिले सताड उघडे. राज्य बुडालं. शांत संध्याकाळी पाण्याखालच्या घंटा अजून ऐकू येतात म्हणे.

गोष्ट मला आवडते, पण सेइथेनिन बिचारा फुकटचा बदनाम झाला. खरा गुन्हेगार बर्फ.

सुमारे 20,000 वर्षांपूर्वी हिमयुग ऐन भरात होतं. पृथ्वीवरचं इतकं पाणी बर्फात अडकलं होतं की समुद्र आजच्यापेक्षा सुमारे 120 मीटर खाली होता. पुढे बर्फ वितळत गेला, समुद्र चढत गेला. एका रात्रीत नव्हे, हजारो वर्षं. आणि झाडांना मारलं ते खाऱ्या पाण्याने नाही! समुद्र जवळ आला तसं जमिनीखालचं गोडं पाणीही वर आलं, त्याला वाट मिळेना, रानाची दलदल झाली. मुळांनाही श्वास लागतो. तो कोंडला आणि झाडं उभ्या जागी मेली. त्यांच्या बुंध्यांभोवती शेवाळ, लव्हाळे वाढले, मेले, अर्धवट कुजले, पुन्हा त्यावर वाढले. असा काळा, मऊ थर साचत गेला. त्याला पीट म्हणतात. समुद्र आणि वाळू आली ती त्यानंतर.

"पण मेलेलं लाकूड तर कुजतं."

कुजतं, पण आपोआप नाही. ते काम बुरशी आणि जिवाणू करतात आणि त्यांना हवा लागते. लोणच्यावर तेलाचा तवंग असेतो ते टिकतं ना? पीटमध्ये पाणी तुंबलेलं, वर आंबटपणा. कुजवणाऱ्यांचं काही चालत नाही. बोर्थच्या पाठीमागे कोर्स फोख्नो नावाची मोठी दलदल आहे, तिथे हे काम आजही सुरू आहे.

आता वय. जिवंत झाड हवेतून कार्बन घेत असतं, त्यात किंचितसा किरणोत्सारी कार्बन असतो. झाड मेलं की नवा येणं थांबतं, आणि आहे तो दर 5,730 वर्षांनी निम्मा होतो. किती उरला ते मोजलं की झाड कधी मेलं ते कळतं. ही खोडं निघाली साधारण साडेचार ते सहा हजार वर्षांची. म्हणजे त्यांच्यातला तो कार्बन आत्ता कुठे निम्म्यावर आलाय.

त्याच पीटच्या पृष्ठभागावर माणसांच्या आणि जनावरांच्या पावलांचे ठसे सापडले, चुलीत भाजलेले दगडही. रानात पाणी भरत होतं आणि लोक तिथेच वावरत होते, रांधत होते. मला खोडांपेक्षा हे भाजलेले दगड जास्त बोलके वाटतात.

आणि हे फक्त वेल्समध्येच घडलं असं समजू नका. 1870 च्या दशकात मुंबईत प्रिन्सेस डॉक खणत होते, तेव्हा चिखलाखाली असंच रान लागलं. शेकडो झाडं, त्यातली कितीतरी उभीच्या उभी. लाकूड कसलं? खैराचं! ज्याचा कात होतो तो खैर. समुद्रात काही तो उगवत नाही, म्हणजे ती जमीन कधीकाळी कोरडी होती. मुंबईत जमीनच खाली गेली, असं त्या काळच्या अभ्यासकांनी मानलं.

"मग ते मुंबईचंच दाखवा की!"

दाखवलं असतं रे, पण तिथे गोदी झाली. त्यापेक्षा बोर्थ बरं. फक्त जाण्याआधी भरती-ओहोटीचं वेळापत्रक बघायचं. किनारा सपाट आहे, पाणी परत फिरलं की भराभर आत येतं, आणि खोडं बघण्याच्या नादात मागे कोण बघतो! आणि हो, आठवण म्हणून ढलपी काढून आणायची नाही. एकदा का ती वाळली, की तडकते आणि भुगा होते.