सायकलीचे पाच चोर



आमच्या घरी दोन सायकली आहेत. एक आजोबांची जुनी काळी सायकल, २८ इंची चाकांची. दुसरी ताईची, २६ इंची चाकांची. ताई आठवीत गेली तेव्हा तिला मानव विकास कार्यक्रमातून ती मिळाली. तिचे हायस्कूल आमच्या गावापासून ४ किलोमीटरवर आहे आणि तिच्या शाळेच्या वेळेला एस. टी. नाही. म्हणून सायकल नीट तर ताईची शाळा नीट.

मागच्या श्रावणात काय झाले ते सांगतो. सायकल रात्रभर अंगणात लिंबाखाली उभी होती. सकाळी ताईची गणिताची चाचणी होती. ती पाहते तर मागचे चाक बसलेले. दांड्याला लावलेला पंप गायब. कुणीतरी रात्रीत काढून नेला होता. चेन पावसात भिजून तांबडी झाली होती. बाबांनी शेजारून पंप आणला, पण हवा टिकेना. पंक्चर होते. पंक्चर काढावे म्हणून सोल्युशनची नळी उघडली तर आतले सोल्युशन सुकून घट्ट झालेले. मग नवी ट्यूब आठवली. ती चुलीजवळच्या खुंटीला टांगलेली होती. धगीने तिला चिरा पडल्या होत्या आणि वर उंदरांनी ती दोन ठिकाणी कुरतडली होती.

ताई चालत निघाली. ती पोहोचली तेव्हा पेपर अर्धा संपला होता. संध्याकाळी आजी म्हणाली, "हे रोजचंच झालंय. त्यापेक्षा पोरीनं आता घरीच राहावं." ताई काही बोलली नाही, पण ती जेवलीही नाही. मला फार वाईट वाटले. कारण सोल्युशनच्या नळीचे झाकण मागच्या वेळी मीच नीट लावले नव्हते.

दुसऱ्या दिवशी मी हे बाबांना सांगितले. बाबा रागावले नाहीत. ते म्हणाले, "पंप नेणारा एकटाच चोर होता काय? मोज बरं, किती चोर होते ते." मी मोजले. माणूस, गंज, ऊन, उंदीर आणि आळस. पाच झाले! त्या रविवारी मी, बाबा आणि ताई बसलो आणि पाचही चोरांचा बंदोबस्त केला. तो कसा केला ते लिहितो.

१) माणूस

आता आम्ही सायकली रात्री अंगणात ठेवत नाही, ओसरीवर घेतो. ताईच्या सायकलीला मागच्या चाकाचे कुलूप आहे. पण तेवढ्याने भागत नाही. असे कुलूप लावलेली सायकल चालवता येत नाही, पण उचलून नेता येते. म्हणून बाबांनी साखळी आणि कुलूप आणले. साखळी चाकातून आणि सायकलीच्या सांगाड्यातून ओवून ओसरीच्या खांबाला बांधायची. नुसत्या पुढच्या चाकाला साखळी लावू नये. नट सोडवले की चाक खांबाला राहते आणि बाकीची सायकल जाते! दोन्ही सायकली आम्ही एकाच साखळीत बांधतो.

कुलपाच्या दोन किल्ल्या असतात. एक ताईजवळ असते, दुसरी आतल्या घरात देवळीत. किल्ली कुलपाजवळच्या खिळ्याला अडकवू नये. पंप रोज काढून घरात ठेवायचा.

आणखी एक महत्त्वाची गोष्ट. सायकलीच्या सांगाड्यावर नंबर ठोकलेला असतो. तो सीटखालच्या नळीवर किंवा खाली पायडलच्या जवळ सापडतो. मी कापडाने पुसून तो शोधला आणि वहीत लिहिला. सायकल चोरीला गेली तर पोलिसांना तो नंबर सांगता येतो. नाहीतर सारख्या रंगाच्या सायकली कितीतरी असतात. आपली कोणती हे कसे पटवणार?

२) गंज

बाईंनी वर्गात तीन खिळ्यांचा प्रयोग घेतला होता. एक खिळा कोरड्या बाटलीत ठेवला. दुसरा ओल्या फडक्यात ठेवला. तिसऱ्याला तेल लावून मग ओल्या फडक्यात ठेवला. चार दिवसांनी दुसरा खिळा तांबडा झाला होता. पहिला आणि तिसरा चांगले होते. लोखंडाला गंज चढायला हवा आणि पाणी दोन्ही लागतात. तेलामुळे ती लोखंडापर्यंत पोचत नाहीत.

म्हणून ताई पावसातून आली की मी सायकल आधी फडक्याने पुसतो. ओल्या सायकलीवर प्लास्टिकचा कागद गुंडाळू नये, ओल आतच कोंडते. चेनला शिलाई मशीनचे तेल थेंब थेंब सोडतो आणि जास्तीचे पुसून घेतो. नाहीतर त्याला धूळ चिकटते. गोडे तेल घालू नये, ते पुढे चिकट होते. आणि ब्रेकच्या रबरावर व चाकाच्या रिमवर तेल अजिबात लागू देऊ नये. ब्रेक लागत नाही आणि आपण पडतो.

सायकल गोठ्यातही ठेवू नये. तिथे गोमूत्राची ओल असते. खताच्या गोणीजवळही नको. खत हवेतले पाणी ओढून घेते आणि जवळचे लोखंड लवकर गंजते.

३) ऊन

उन्हाने आणि धगीने रबर कडक होते आणि त्याला चिरा पडतात. बाईंनी सांगितले की सायकलीचा हवेचा टायर डनलॉप यांनी १८८८ साली आपल्या मुलाच्या तीनचाकीसाठी तयार केला. म्हणजे हवा हाच टायरचा जीव. हवा नसलेल्या टायरवर सायकल उभी राहिली तर टायर दुमडतो आणि तिथेच फाटतो. आजोबांची सायकल रोज वापरात नसते, तरी आम्ही तिच्यात मधून मधून हवा भरतो आणि ती स्टँडवर ठेवतो.

नवी ट्यूब आता चुलीजवळ नाही. तिला पावडर लावली, सैल घडी केली, पिशवीत घातली आणि अंधाऱ्या जागी ठेवली. पावडर लावली की रबर एकमेकांना चिकटत नाही.

४) उंदीर

उंदीर कापड आणि प्लास्टिकची पिशवी सहज कुरतडतो. पत्र्याचा डबा त्याला फोडता येत नाही. म्हणून आम्ही घट्ट झाकणाचे दोन डबे केले.

पहिला डबा रबराचा. त्यात पिशवीतली ट्यूब, व्हॉल्व्हच्या बारीक नळ्या, ब्रेकचे रबर, पंक्चरच्या पट्ट्या आणि पॉलिश पेपर.

दुसरा डबा लोखंडाचा. त्यात छर्रे, कॉटर पिना, नट, वायसर, चेनच्या कड्या, पान्हा आणि पेचकस. लोखंडाच्या वस्तूंना तेलाचा हात लावला आहे. रबराला तेल लागले तर ते फुगते आणि खराब होते, म्हणून दोन डबे वेगळे.

दोन्ही सायकलींचे सामान एकत्र करू नये. २८ इंची ट्यूब २६ इंची चाकाला नीट बसत नाही. आजोबांच्या सायकलीच्या पुढच्या चाकाला ३२ तारा आहेत आणि मागच्या चाकाला ४०. त्यांची लांबीसुद्धा वेगळी असते. म्हणून जास्तीच्या तारांच्या वेगळ्या जुड्या बांधल्या आणि चिठ्ठ्या लावल्या. बारीक छर्रे एका डबीत, मोठे दुसऱ्या डबीत.

डबे उंच फळीवर ठेवले आहेत. लहान बाळ छर्रा गिळू शकते. सोल्युशन पेट घेते, म्हणून ते चुलीपासून आणि दिव्यापासून लांब ठेवले आहे.

५) आळस

हा चोर मला माझ्यातच सापडला. याला साखळी लावता येत नाही. म्हणून बाबांनी युक्ती केली. डब्याच्या झाकणाला आतून यादी चिकटवली. जी वस्तू संपेल तिच्यापुढे फुली मारायची. बाजाराच्या दिवशी बाबा फुल्या पाहून सामान आणतात. दर रविवारी मी हवा, चेन आणि ब्रेक पाहतो. सोल्युशनचे झाकण तर दोनदा पाहतो.

दिवाळीच्या आधी ताईची परीक्षा होती. तेव्हा पुन्हा पंक्चर झाले. पण या वेळी डबा उघडला आणि सगळे जागच्या जागी मिळाले. बाबांनी पंक्चर काढले, मी हवा मारली. ताई प्रार्थनेच्या आत शाळेत पोहोचली. आजी दारात उभी राहून बघत होती. आता रात्री आजीच मला विचारते, "काय रे, साखळी लावलीस का?"

तर मित्रांनो, आज घरी गेल्यावर आपल्या सायकलीचा नंबर शोधा आणि वहीत लिहून ठेवा. आणि पालकांनो, घरात एक पत्र्याचा डबा सायकलीसाठी द्या. कुणाची तरी शाळा त्या डब्यावर चालत असते.