पहिल्या दिवसाचा चीक
वराहपालन लेखमाला : भाग 6

गाय किंवा म्हैस व्याली की आपल्याकडे शेजारीपाजारी चीक जातो, खरवस होतो. डुकरिणीचा चीक कुणी काढत नाही, कुणाला देत नाही. तो सगळा पिल्लांचाच. तरीही तो प्रत्येक पिल्लाच्या पोटात पोचतो असं नाही. दूध तुटेपर्यंत जी पिल्लं दगावतात, त्यातली बहुतेक पहिल्या तीन दिवसांतच जातात, आणि त्यांच्या मागे बहुतेक वेळा न मिळालेला चीक असतो.

माणसाच्या बाळाला आईकडून रोगप्रतिकारक द्रव्यं पोटात असतानाच मिळतात. डुकराच्या वारेची रचना वेगळी आहे. तिच्यातून ही द्रव्यं पिल्लाच्या रक्तात उतरत नाहीत. 114 दिवस आईच्या पोटात वाढलेलं पिल्लू जन्मतं तेव्हा त्याच्या रक्तात संरक्षण जवळपास शून्य असतं. ते फक्त चिकातून येतं, आणि तेही ठरावीक वेळेतच. जन्मानंतर पिल्लाचं आतडं ही मोठी द्रव्यं जशीच्या तशी रक्तात घेतं. चोवीस ते छत्तीस तासांत हे दार बंद होतं. इकडे चीकही पातळ होत जातो. व्यायला सुरुवात झाल्यापासून बारा तासांत त्यातली प्रतिकारक द्रव्यं निम्म्यावर किंवा त्याहून खाली येतात. म्हणजे दोन घड्याळं एकाच वेळी चालू असतात.

तिसरं घड्याळ थंडीचं. नवजात पिल्लाच्या अंगावर चरबी जेमतेम एक-दोन टक्के, केस विरळ. त्याला 32 ते 34 अंशांची ऊब लागते आणि आपल्या शेडमध्ये थंडीच्या रात्री तेवढी नसते. यकृतातली आणि स्नायूंतली साखर एका दिवसाच्या आत संपते. त्याआधी चीक मिळाला नाही तर पिल्लू गारठतं, गारठलं की चोखायची ताकद जाते आणि मग आईच्या अंगाखाली सापडतं. नोंदवहीत आपण लिहितो, ‘चेंगरून मेलं.’ खरं कारण उपासमार असतं.

गेल्या हिवाळ्यात कोल्हापूर जिल्ह्यातल्या एका शेडवर रात्री होतो. डुकरीण व्यायला लागून चार तास झाले होते. अकरावं पिल्लू आलं ते मुठीएवढं. शेडच्या ताई म्हणाल्या, “डॉक्टर, ह्ये काय जगतंय?” मी त्याच्या तोंडात करंगळी घातली. आतून गार. पहिल्या पिल्लांच्या तोंडात घातली, ती चांगली ऊन होती, पोटंही टच्च. पहिलं पिल्लू चार तास पीत होतं, अकराव्याला अजून सडही सापडला नव्हता. कोरड्या फडक्यानं पुसलं, बल्बखाली धरलं. ताईंनी पुढच्या सडातून वाटीत चीक पिळला. पिवळसर, दाट, बोटाला चिकटणारा. सुई काढलेल्या सिरिंजनं तोंडाच्या कडेनं थेंब थेंब करत दहा मिली पाजला, तोही गिळतंय याची खात्री करत, नाहीतर फुप्फुसात जातो. मग मोठी सहा पिल्लं तासभर उबदार खोक्यात ठेवली आणि लहानग्याला मोकळा सड दिला. रात्रीतून असं तीनदा केलं. त्याचं वजन जन्मताना 720 ग्रॅम होतं, दुसऱ्या दिवशी त्याच वेळी 790 भरलं.

ती सत्तर ग्रॅमची वाढ मला फार मोठी वाटते. फ्रान्समध्ये डेव्हिलर्स आणि सहकाऱ्यांनी पिल्लागणिक चीक किती प्यायला गेला याचा हिशेब मांडला. 2011 साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात 200 ग्रॅमपेक्षा जास्त चीक मिळालेल्यांपैकी सुमारे 7 टक्के पिल्लं दूध तुटायच्या आत दगावली, त्याहून कमी मिळालेल्यांपैकी सुमारे 43 टक्के. जगली त्यांतही ज्यांना 290 ग्रॅमपेक्षा कमी चीक मिळाला, ती सहा आठवड्यांपर्यंत साधारण 15 टक्के हलकी राहिली. ही त्यांच्याकडच्या भारी पिल्लांची आकडेवारी आहे. आपल्या देशी पिल्लांचं जन्मवजन कमी, त्यांची गरजही त्या प्रमाणात कमी. पण पहिल्या दिवशी राहिलेली तूट पुढे खाद्य वाढवून भरून निघत नाही, हे इथेही तितकंच खरं. चिकात वाढीला चालना देणारी द्रव्यंही असतात. पहिल्या दिवसात पिल्लाचं आतडं झपाट्यानं वाढतं ते त्यांच्यामुळेच.

पिल्लं जास्त झाली म्हणून डुकरिणीला चीक जास्त येत नाही. आठ पिल्लांत जो वाटला गेला असता, तोच चौदांत वाटला जातो. म्हणून मोठ्या वेतात माणसानं शेजारी बसायला हवं. जन्मल्या-जन्मल्या दात कापण्याची घाई करू नका, आधी पिऊ द्या. जास्तीची पिल्लं दुसऱ्या आईकडे द्यायची असतील तर किमान बारा तास स्वतःच्या आईचा चीक पिऊन झाल्यावरच द्या, कारण चिकातल्या संरक्षक पेशी पिल्लाच्या रक्तात उतरतात त्या फक्त सख्ख्या आईच्याच. डुकरिणीला चीक नसेल तर गाईचा चीक चालेल का, असं अनेक जण विचारतात. तो ताकद देतो, ऊब देतो, जीव तगवतो. पण गाईनं डुकराच्या रोगांशी सामना केलेला नसतो. त्याच दिवशी व्यालेली दुसरी डुकरीण असेल तर तिचा चीक बरा.

चिकात काय उतरणार हे आईच्या अंगात काय आहे त्यावर ठरतं. म्हणून गाभण मादीच्या लसी व्यायच्या दोन ते चार आठवडे आधी पूर्ण व्हायला हव्यात, कोणत्या ते आपल्या पशुवैद्यकाला विचारून घ्या.

पुढच्या वेताची तारीख भिंतीवर लिहून ठेवा. त्या रात्री शेडमध्ये बल्ब, कोरडी फडकी, खोकं, मार्कर आणि वजनकाटा तयार असू द्या. पिऊन झालेल्या पिल्लाच्या पाठीवर खूण करा. चोवीस तासांनी ज्याचं वजन वाढलेलं नाही, त्याला आधी हातात घ्या.

तिसऱ्या दिवशीच्या लोहाच्या इंजेक्शनबद्दल पुढच्या आठवड्यात.