पेढे कधी वाटायचे?

२०२४ च्या डिसेंबरात आमच्या मुलीला आमच्याच राज्यातल्या एका मोठ्या विद्यापीठात प्रवेश मिळाला आणि मी लगेच पुण्याला आईला फोन लावला. आईने एकच विचारले, "पेढे वाटू का?"

"थांब जरा. प्रवेश मिळालाय, पण ऑनर्सचं आणि स्कॉलरशिपचं अजून कळायचंय."

"म्हणजे पास झाली, पण क्लास कळला नाही. असंच ना?"

अगदी तसे नव्हते. पण नक्की कसे आहे, हे मला तरी कुठे ठाऊक होते? पुढचे चार महिने आमच्या घरात 'पोर्टल' नावाचा एक पाहुणा मुक्कामाला होता. सकाळी चहाच्या आधी त्याचे दर्शन आणि रात्री झोपण्यापूर्वी पुन्हा एकदा. त्या चार महिन्यांत जे उमगले (काही वाचून, काही फोन करून आणि काही स्वतःच्या चुकीने) ते इथे मांडतो आहे. ज्यांची मुले अकरावी-बारावीत आहेत त्यांना उपयोग होईल. बाकीच्यांनी आमची गंमत म्हणून वाचावे.

आपल्यातले बरेचजण या देशात आले ते मास्टर्स किंवा पीएच.डी.ला. त्यामुळे इथल्या बी.एस.च्या प्रवेशाच्या बाबतीत आपण आणि आपली मुले एकाच इयत्तेत असतो. शिवाय आपल्या डोक्यात वाट पाहण्याचे दोन जुने साचे पक्के बसलेले असतात. पहिला बोर्डाच्या गुणवत्ता यादीचा. मी बारावी झालो तेव्हा ती यादी अजून निघत असे. पेपर सर्वांना एकच, गुण छापील, आणि तुमच्यावर जो आहे त्याला तुमच्यापेक्षा जास्त गुण आहेत म्हणून तो वर. दुसरा साचा 'एड'चा. २००१ साली मी सायबर कॅफेत तासन्‌तास बसून "एड आली का?" म्हणून मेल बघत असे. ती एड म्हणजे खरे तर नोकरी होती. कुणा प्राध्यापकाला प्रयोगशाळेत माणूस हवा होता, त्याने मला घेतले.

मेरिट स्कॉलरशिप या दोन्ही साच्यांत बसत नाही. तिच्या नावात 'मेरिट' आहे, म्हणून आपण फसतो.

आधी ऑनर्सचे सांगतो, कारण ती गोष्ट जास्त सरळ आहे. फिलाडेल्फियाच्या नैर्ऋत्येला स्वार्थमोर नावाचे एक छोटे कॉलेज आहे. मी कामाला जाताना त्याच्या जवळून जातो. फ्रँक एडलॉट हे तिथले अध्यक्ष. ते ऱ्होड्स स्कॉलर म्हणून ऑक्सफर्डला शिकून आलेले होते. त्यांनी १९२२ मध्ये तिथे ऑनर्सचा अभ्यासक्रम सुरू केला. लहान चर्चावर्ग, भरपूर स्वतंत्र वाचन आणि शेवटी बाहेरून आलेल्या परीक्षकांकडून परीक्षा. बाहेरचे परीक्षक तिथे अजूनही येतात. १९५७ मध्ये रशियाने स्पुटनिक सोडल्यानंतर हुशार मुलांचे काय करायचे याची या देशाला चिंता लागली आणि ऑनर्सचे वारे सरकारी विद्यापीठांत जोरात शिरले. आमच्या पेनसिल्व्हेनियात पेन स्टेटमध्ये १९८० पासून अशी योजना होती. १९९७ मध्ये श्रायर दांपत्याने ३ कोटी डॉलर दिले आणि तिचे श्रायर ऑनर्स कॉलेज झाले.

राज्यांचा यातला हेतू उघड आहे. आपल्या राज्यातली चांगली मुले महागड्या खाजगी कॉलेजात किंवा शेजारच्या राज्यात जाऊ नयेत. चाळीस हजारांच्या विद्यापीठात चार-पाचशे मुलांचे एक छोटे कॉलेज वसवायचे. वर्ग लहान, विषय निवडायला पहिला नंबर, बहुधा वेगळे वसतिगृह, आणि शेवटी एक प्रबंध. मला स्वतःला यातला प्रबंध सर्वांत मोलाचा वाटतो. मुलांना विषय निवडायचा पहिला नंबर मोलाचा वाटतो. पहिल्या सेमिस्टरला सकाळी आठचा तास नशिबी येणे म्हणजे काय, हे त्यांना आपल्यापेक्षा चांगले कळते.

आता पैशांचे. स्कॉलरशिप ढोबळमानाने तीन तऱ्हेच्या. एक आपोआप मिळणारी: ठरावीक ग्रेड, ठरावीक गुण, की रक्कम ठरलेली. जॉर्जियाची लॉटरीच्या पैशांवर चालणारी होप स्कॉलरशिप १९९३ पासून आहे, ती या जातीची. इथे वाट पाहण्यासारखे फारसे काही नसते. दुसरी नॅशनल मेरिटसारखी. अकरावीच्या ऑक्टोबरात पीएसएटी द्यायची, बारावीच्या सप्टेंबरात साधारण १६,००० सेमिफायनलिस्ट जाहीर होतात, आणि फेब्रुवारीत त्यातले बहुतेक फायनलिस्ट होतात. गंमत अशी की तिची रेषा राज्यागणिक वेगळी. जे गुण दुसऱ्या एखाद्या राज्यात सहज पुरतील, ते न्यू जर्सीत कमी पडतात. म्हणजे पेपर एकच, पण यादी बोर्डासारखी नाहीच! त्यांची स्वतःची स्कॉलरशिप एकदाच मिळणारी, २,५०० डॉलरची; पण काही विद्यापीठे फायनलिस्टना स्वतःच्या खिशातून पुष्कळ जास्त देतात.

तिसरी जात विद्यापीठ स्वतः मुले निवडून देते ती, आणि खरी घालमेल हिचीच. हार्वर्ड, प्रिन्स्टन आदी आयव्ही लीगची विद्यापीठे आणि एमआयटी ही मेरिटवर एक पैसाही देत नाहीत; फक्त घरची आर्थिक गरज बघतात. हुशार मुले तिथे नुसती येऊ द्या म्हटले तरी येतात. स्कॉलरशिप त्यांना द्यावी लागते, ज्यांना वाटते की हे मूल आपल्याकडे आले नाही तरी चालेल असे नाही. एक हिशेब बघा. समजा एका कॉलेजची वर्षाची किंमत ६०,००० डॉलर आहे. तेवढे पैसे त्यांनी एका गरीब मुलाला दिले, तर एक मूल फुकट शिकेल. तेच ६०,००० चार सुस्थितीतल्या मुलांना १५,००० प्रमाणे वाटले, तर चौघे मिळून १,८०,००० डॉलर भरतील, आणि चौघांचे आईबाप मुलाला स्कॉलरशिप मिळाली म्हणून पेढेही वाटतील! सगळीच कॉलेजे इतकी कोरडी नसतात. पण 'मेरिट' म्हणजे पुष्कळदा छापील किमतीवरची सूट असते, आणि सूट किती द्यायची हे गिऱ्हाईक कुठे राहते, त्याला काय शिकायचे आहे, कोणत्या विभागात यंदा जागा रिकाम्या आहेत, यावरही ठरते.

मग इतका उशीर का? मी धंद्याने सॉफ्टवेअरवाला, म्हणून यातले गणित मला पटकन पटले. ऑनर्सच्या ५०० जागा असतील आणि बोलावलेल्यांपैकी चारातला एकच येतो असा अनुभव असेल, तर २,००० जणांना बोलवावे लागते. विमान कंपनी जागांपेक्षा जास्त तिकिटे विकते, तसेच. पण यंदा चाराऐवजी तिघांतला एक आला तर? वसतिगृहात मुले कुठे ठेवणार? म्हणून हुशार विद्यापीठे एकदम सगळी पत्रे पाठवत नाहीत. एक लाट डिसेंबरात, एक फेब्रुवारीत. कोण नकार देतो ते बघून आणखी काही मार्चच्या शेवटी. प्रवेश एक समिती देते, ऑनर्स दुसरी, पैसे तिसरी, आणि इंजिनिअरिंग विभागाच्या देणग्यांतून मिळणारे पैसे चौथीच. म्हणजे आपण त्यांची वाट बघत असतो तेव्हा ते दुसऱ्याच कुणाच्या मुलाची वाट बघत असतात. पोर्टलवर काही आले नाही याचा अर्थ आपल्या मुलीचा अर्ज कुणी नाक मुरडून बाजूला ठेवला, असा नव्हे.

या साखळीचे टोक म्हणजे १ मे. बहुतेक ठिकाणी त्या दिवसापर्यंत एका जागी डिपॉझिट भरावे लागते. (२०२४ मध्ये सरकारी फाफ्साचा नवा फॉर्म वेळेवर तयार झाला नाही, म्हणून कित्येकांनी ती तारीख १५ मे किंवा १ जूनवर ढकलली.) दुसरीकडे डिपॉझिट भरलेल्या मुलाला पाठीमागून जास्त पैशांचे आमिष दाखवू नये असा प्रवेश अधिकाऱ्यांच्या राष्ट्रीय संघटनेचा नियम होता. स्पर्धा मारली जाते म्हणून न्यायखात्याने त्याला हरकत घेतली आणि २०१९ मध्ये संघटनेने तो काढून टाकला. तेव्हा १ मे नंतरही एखादे पत्र येऊ शकते. ते आले तर हुरळून जाऊ नका.

इथे एका घराबद्दल लिहायलाच हवे. आमच्या ओळखीतल्या एका मुलाला नॅशनल मेरिटचा अर्जच करता आला नाही. चार वर्षांचा असताना तो आला, शिक्षण सगळे इथले, पण व्हिसा एच-४. सरकारी आर्थिक मदतीचे दार नागरिक आणि ग्रीन कार्डवाल्यांसाठी, आणि नॅशनल मेरिटचेही तेव्हा तसेच होते. अशा मुलांना विद्यापीठाची स्वतःची स्कॉलरशिप हाच मोठा आधार असतो, आणि ती एच-४ ला मिळते की नाही, राज्यातली फी लागू होते की नाही, हे राज्याराज्यांत आणि विद्यापीठागणिक बदलते. शिवाय एकविसाव्या वर्षी एच-४ संपतो. एफ-१ घेतल्यावर फी आणि स्कॉलरशिप तीच राहील का, हे आधीच विचारून लेखी उत्तर घ्यावे. फोनवरच्या गोड बोलण्यावर विसंबू नये.

आता माझी चूक. मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात पोर्टल उघडले: ऑनर्सला नकार. मुलगी म्हणाली, "ओके," आणि खोलीत गेली. मी नकाराचे पत्र तीनदा वाचले, जणू काही त्यात बग सापडेल. आठवड्याने मंडळाचा गुढीपाडव्याचा कार्यक्रम होता. श्रीखंडाच्या रांगेत एका काकूंनी विचारले, "काय, ऑनर्सचं कळलं का?" मी म्हणालो, "नाही हो, अजून वाट बघतोय." मुलगी माझ्या मागेच ताट घेऊन उभी होती.

गाडीत ती काही बोलली नाही. घराशी आल्यावर म्हणाली, "बाबा, तू खोटं का बोललास? तुला माझी लाज वाटते?" मी काहीतरी सारवासारव केली. वर लिहिलेले सगळे गणित, चारातला एक वगैरे, मला त्या दिवशीही पाठ होते. तरी रांगेत उभा असताना माझ्या डोळ्यांसमोर बोर्डाची यादीच होती, आणि तिच्यात माझ्या मुलीचे नाव नव्हते. मी तिची माफी मागितली. दुसऱ्या दिवशी काकूंना फोन करून खरे सांगितले. त्या म्हणाल्या, "अहो, आमच्याकडेही तसंच झालं होतं. आम्हीसुद्धा कुणाला सांगितलं नाही."

त्यानंतर आम्ही पोर्टल सोडून कामाला लागलो. ऑनर्सला पहिल्या वर्षानंतर पुन्हा अर्ज करता येतो का? बऱ्याच ठिकाणी येतो, श्रायरमध्येही येतो. स्कॉलरशिप चारही वर्षे मिळणार की एकदाच? टिकवायला किती जीपीए लागतो, आणि एका सेमिस्टरला तो घसरला तर सावरायला संधी आहे का? इंजिनिअरिंगच्या मुलांसाठी हा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा, कारण पहिल्या वर्षीच्या कॅल्क्युलस आणि केमिस्ट्रीने भल्याभल्यांचे जीपीए खाल्ले आहेत. बाहेरून दुसरी एखादी शिष्यवृत्ती मिळाली तर विद्यापीठ आपली मदत तेवढी कापते का? स्कॉलरशिपमधला जो भाग राहण्या-जेवणाकडे जातो त्यावर टॅक्स लागतो, हेही मला तेव्हाच कळले. फी आणि पुस्तकांच्या भागावर लागत नाही. आणि दुसऱ्या कॉलेजचे चांगले पत्र हातात असेल तर ते जोडून, नम्रपणे, एका पानात "पुन्हा विचार होईल का?" असे विचारता येते. हे पत्र मुलीने स्वतः लिहिले. मी फक्त स्पेलिंग बघितले, म्हणजे बघू दिले तेवढेच.

एप्रिलच्या मध्यावर इंजिनिअरिंग विभागाकडून स्कॉलरशिपचे पत्र आले: वर्षाला ४,००० डॉलर, चार वर्षे, ३.२ जीपीएच्या अटीवर. पत्रामुळे आले की ते येणारच होते, कोण जाणे. २७ एप्रिलला रात्री जेवताना तिने लॅपटॉप उघडला आणि म्हणाली, "बाबा, क्रेडिट कार्ड दे."

"ऑनर्सला पुढच्या वर्षी अर्ज करणार आहेस का?"

"बघू. आधी केमिस्ट्री बघते. कार्ड?"

मी कार्ड दिले. पुण्यात तेव्हा पहाट होत होती. आईला फोन लावला, तर तिने जानेवारीतच पेढे वाटून टाकले होते.