पणजीची तावेर्नं आणि हुर्राकचा हंगाम

आंदर मावळात कान्हे फाट्यावरून टाकव्याकडे वळलं की गावच्या बातम्या चहाच्या टपरीवर कळतात. पणजीत हा मान तावेर्नचा. आल्तिनो टेकडीच्या पायथ्याशी फोंतेन्यास आणि साओ तोमे हे जुने वाडे आहेत. पिवळ्या-निळ्या भिंतींपुढे फोटो काढून पर्यटक निघून जातात. पण संध्याकाळी इथं थांबावं. तावेर्न म्हणजे दारू पिण्याची छोटी जागा, बहुधा घराचीच पुढची खोली. दोन-चार बाकं, फळीवर फुगीर पोटाच्या काचेच्या बाटल्या आणि गल्ल्यावर घरातलंच कुणीतरी. साओ तोमेतला जोसेफ बार तर इतका लहान, की गिऱ्हाइकं ग्लास घेऊन रस्त्यावरच उभी राहतात.

मार्च लागला की जो तो विचारतो, हुर्राक आला का? काजूचं बोंडू झाडावरून तोडत नाहीत. पिकून आपसूक गळलेलंच वेचतात. बी काढून घेतात आणि बोंडं कातळात कोरलेल्या कुंडीत पायांनी तुडवतात. रस दोन-तीन दिवस आपोआप आंबतो. मग भाटीवर, लाकडाच्या जाळावर तो तांब्याच्या भाणात चढतो. पहिल्या धारेचा तो हुर्राक, साधारण 15 टक्के मद्यार्काचा. तोच पुन्हा रसाबरोबर भाटीवर गेला की फेणी होते, 42 ते 45 टक्क्यांची. फेणी वर्षानुवर्षं मुरते; हुर्राकची चव मात्र लवकर उतरते. म्हणून तो लांब जात नाही, जिथं गळतो तिथल्याच आसपास संपतो. लिम्का, चिमूटभर मीठ आणि उभी चिरलेली हिरवी मिरची घातली की ग्लासातून आधी पिकल्या बोंडाचा वास येतो.

इंग्लंडच्या गल्लीबोळातल्या पबांची गोष्टही अशीच. तिथली पिंपातली एल ही बिअर न गाळता, जंतू न मारता तळघरात ठेवतात. ती पिंपातच पुन्हा आंबते आणि हातपंपानं वर ओढली जाते. पिंप फोडलं की दोन-तीन दिवसांत संपवावं लागतं. कारखान्यांच्या बिअरपुढे ती नामशेष होऊ लागली, तेव्हा 1971 साली चार ग्राहकांनी ‘कॅम्रा’ ही चळवळ उभारली.

गोव्यात काजू फेणीला 2009 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, 2016 मध्ये राज्यानं तिला वारसापेयाचा दर्जा दिला. हे चांगलंच झालं. पण मला त्या पुढच्या खोलीची काळजी वाटते. बाटली विमानतळावरच्या दुकानातही मिळेल. शेजारच्या बाकावरचा म्हातारा यंदा मोहोर का जळला हे सांगेल, तो तावेर्नमध्येच.

जायचं तर मार्चअखेर ते मे हा काळ बरा. खारवलेली सुंगटं किंवा चोरीस-पाव मिळाला तर जरूर घ्या. पाऊस लागला की हुर्राक विचारू नका. तेव्हा फेणीच मागावी, आणि तीही सावकाश प्यावी.