हसरा चेहरा, संथ सूर

मैत्रिणींनो, घरातलं पोर कानात इयरफोन घालून गाणं ऐकतंय. वाद्य नाही, नुसते पुरुषांचे संथ, भरून आलेले आवाज. आईला वाटतं, बरं झालं, देवाधर्माचं ऐकतोय. बहुतेक वेळा ते खरंच असतं. नशीद हा भक्तिगीताचा जुना प्रकार आहे, त्यात वावगं काही नाही. पण २०१४च्या सुमारास इसिसने हेच सूर आपल्या व्हिडिओंखाली घातले, म्हणून आज आम्ही हा विषय घेतलाय.

त्या व्हिडिओंत आधी मुलगा जिवंत दिसतो. मित्रांबरोबर एका ताटात जेवतोय, मांजराला खेळवतोय. पाहणाऱ्याला तो ओळखीचा वाटू लागतो. मग त्याचा मृत चेहरा येतो. स्वच्छ, शांत, ओठांवर हसू. देहाला कस्तुरीचा वास येत होता, असंही सांगतात. स्वर्गातल्या हिरव्या पक्ष्यांचं चित्र येतं. ऑनलाइन सगळे एकमेकांना भाऊ, बहीण म्हणतात. आता भाऊ गेला, मग आपण घरी बसून काय करतोय? दुःखाचं असं कर्ज होतं. वाद घालून पटवावं लागतच नाही.

मुलीही यात ओढल्या गेल्या. फेब्रुवारी २०१५ मध्ये पूर्व लंडनच्या तीन शाळकरी मुली सीरियाला निघून गेल्या, वय पंधरा-सोळा. विकल्या गेलेल्या यझिदी बायका मात्र त्या सुंदर चित्रांत कुठे नव्हत्या.

आपल्या कल्याणचे चार तरुण मे २०१४ मध्ये यात्रेकरूंबरोबर इराकला गेले आणि इसिसकडे वळले. त्यांतला एक शहीद झाल्याचा निरोप घरी आला. घरच्यांनी शोक केला. नोव्हेंबरमध्ये तोच मुलगा जिवंत परतला. पाणी भरणं, संडास साफ करणं अशी कामं करावी लागल्याचं त्याने तपासात सांगितलं, असं तेव्हा बातम्यांत आलं होतं. हे कुठल्या व्हिडिओत दाखवतील?

शहीद हा शब्द मुसलमान घरांत पवित्र आहे. त्याच वर्षी जगभरच्या शंभराहून अधिक धर्मपंडितांनी खुलं पत्र लिहून इसिसचे दावे खोडून काढले. तेव्हा शेजारच्या सलमाच्या मुलाकडे संशयाने बघू नका, बायांनो.

आणि मोबाइल हिसकावू नका. शेजारी बसून तोच व्हिडिओ पाहा आणि विचारा, "या पोराची आई कुठाय रे यात?"